कृपया काहीही करू नका

कॉम्प्युटरवरची फाइल चुकून उडाली तर जाणकार पहिला उपाय एकच सांगतात : काहीही करू नका. मशीनमध्ये नवीन काही भरू नका, जुनं काही हलवू नका, खुर्चीवरून उठा आणि लांब जाऊन बसा. उपाय फुकट आहे, त्याला शिक्षण लागत नाही, पथ्य नाही. पवईत मात्र तो आजवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

दोष इथल्या वस्तीचा आहे. लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आधीपासून होताच. 1958 साली तलावाकाठी आयआयटी आली. पुढे दगडाच्या खाणी होत्या तिथे हिरानंदानींचे रोमन खांब उभे राहिले आणि त्या खांबांच्या आडोशाला सॉफ्टवेअर कंपन्यांनी संसार थाटले. परिणाम असा की 400076 या पिनकोडात लिफ्टमध्ये चार माणसं असली तर तिघं इंजिनीअर असतात आणि चौथा इंजिनीअरचा बाप असतो. त्यातला बाप जास्त धोकादायक. मुलगा निदान दिवसभर ऑफिसात अडकलेला असतो. बाप घरी असतो, रिटायर असतो आणि त्याच्या हाताला काम हवं असतं. अशा माणसाला 'तुम्ही स्वस्थ बसा' म्हणणं म्हणजे त्याला म्हातारा म्हणण्यापेक्षा वाईट.

आता स्वस्थ का बसायचं, ते सांगतो. फाइल डिलीट केली की ती पुसली जाते असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात होतं ते आमच्या लॉबीतल्या नावांच्या पाटीवर होतं तेवढंच. भाडेकरू सोडून चालला असं कळलं की सेक्रेटरी पहिल्यांदा काय करतात, तर पाटीवरचं त्याचं नाव काढतात. वर ब्लॉक जसाच्या तसा असतो : पलंग, पंखे, खिडकीतली तुळस, सगळं जागच्या जागी. पाटी वाचणाऱ्याला वाटतं, ब्लॉक रिकामा. नवा माणूस येतो, जुना पलंग बाहेर काढून आपला लावतो, तेव्हा कुठे आधीच्याचा संसार खऱ्या अर्थाने संपतो. हार्ड डिस्कवरही डिलीट म्हणजे यादीत 'ही जागा मोकळी' अशी नोंद, बस. मजकूर तिथेच पडून राहतो, दुसरा मजकूर त्याच्यावर येऊन बसेपर्यंत. म्हणजे डिलीट झाल्यावर तुम्ही जे जे कराल, फाइल सेव्ह करा, काही डाउनलोड करा, नुसतं मशीन बंद करून चालू करा, त्यातून नवे भाडेकरू वर पाठवणं चालू असतं. कोणाला कुठला ब्लॉक द्यायचा हे मशीन ठरवतं, तुम्हाला विचारून नव्हे.

जुन्या डॉसच्या काळात तर ही पाटी भलतीच कंजूस होती. फाइल काढली की तिच्या नावातलं फक्त पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण ठेवायची, बाकी नाव शाबूत. त्यामुळे 1991 साली डॉस 5 मध्ये अनडिलीट नावाची आज्ञा मिळायला लागली तेव्हा ती हरवलेली फाइल बिनबोभाट समोर आणून ठेवायची आणि नम्रपणे विचारायची, पहिलं अक्षर तेवढं आपण सांगा. पाटीवर '?ाधव' उरलंय, जाधव की माधव, हे तुम्हाला ठाऊक. त्याच्याही आधी, 1982 साली, पीटर नॉर्टन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने फाइल परत आणायचा प्रोग्रॅम विकायला काढला आणि त्यावर मोठं नाव कमावलं. त्याच्या पुस्तकांवर त्याचा जो फोटो असे, त्यात तो शर्टाच्या बाह्या सारून, हाताची घडी घालून उभा आहे. या विषयातला अधिकारी माणूस फोटोत काहीही करत नाहीये, हे आमच्या पवईकरांच्या नजरेतून नेमकं सुटलं.

सल्ले मिळायचं ठिकाण म्हणजे तलावाकाठचा सकाळचा वॉक. हा तलाव 1891 साली मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधला आणि पाणी पिण्यालायक नाही म्हणून पुढे बाजूला पडला. त्याच्या काठावर आज जे सल्ले मिळतात त्यांची प्रतही साधारण त्याच पाण्याची आहे. त्यात एक फ्रीझर पंथ आहे. हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली की ती झिपलॉकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची, असं या पंथाचं म्हणणं. धातू थंडीने आकसतो, अडकलेलं सुटतं, इत्यादी. हे सांगणाऱ्याने कधी डिस्कच्या पोटात काय असतं ते पाहिलेलं नसतं. आत चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. सिगारेटच्या धुराचा कण त्या फटीपेक्षा कितीतरी जाडा. फ्रीझरमधून काढल्यावर आपल्या दमट हवेत तबकडीवर दव धरतं, आणि त्या दवातून ते टोक फरफटत जातं. आमच्या ओळखीत एका घरी हा प्रयोग झाला. डेटा गेला तो गेलाच, डिस्कला बोंबलाचा वास मात्र कायमचा राहिला.

दुसरा पंथ हेअर ड्रायरचा. तो 26 जुलै 2005 नंतर फोफावला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यावरची ऑफिसं बुडाली, आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी कॉम्प्युटर उघडून गॅलरीत उन्हाला मांडले. पापडांचा अनुभव गाठीशी होताच. खरं शास्त्र असं की भिजलेली डिस्क वाळवायचीच नसते. ओली आहे तशीच पिशवीत बंद करून जाणकाराच्या हवाली करायची, कारण आत शिरलेला गाळ वाळून तबकडीला चिकटला की तो काढणं महाकठीण. थोडक्यात, इथेही काहीही करायचं नव्हतं.

एवढी पार्श्वभूमी सांगितली, कारण आमच्या सोसायटीत सप्टेंबरमध्ये जे घडलं ते तिच्याशिवाय कळणार नाही.

आमची सोसायटी तुंगा गावाच्या बाजूला आहे. जुनी, लिफ्टला जाळीचा दरवाजा, खांब आहेत पण रोमन नाहीत. ऑफिस स्टिल्टखाली, मीटर रूमला लागून. त्यात एक लोखंडी कपाट, एक गणपती आणि एक जुना डेस्कटॉप. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना स्वच्छतेची विलक्षण आवड. रिसायकल बिन ही सोय त्यांना मुळातच गलिच्छ वाटते. "एकदा काढलेला कचरा परत घरातच कशाला ठेवायचा?" असं त्यांचं म्हणणं, म्हणून ते काहीही डिलीट करताना शिफ्टचं बटण दाबून थेट डिलीट करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच 'सोसायटी पेपरलेस करणे' हा ठराव आणला होता. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी त्याला लेखी विरोध नोंदवला होता. पण त्या काकांनी आजवर प्रत्येकच ठरावाला लेखी विरोध नोंदवलेला असल्याने तो कुणी मनावर घेतला नाही. (त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आहे. वरच्या मजल्याची जबाबदारी की सोसायटीची, हा वाद बिल्डिंगएवढाच जुना आहे.)

तर वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तिच्या विषयपत्रिकेवर विषय क्रमांक एक कायम ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. रविवारी सभा. त्याआधी स्क्रीन जरा स्वच्छ दिसावी म्हणून सेक्रेटरींनी सोमवारी संध्याकाळी आवराआवर काढली आणि 'एजीएम जुनं' नावाचं फोल्डर शिफ्ट धरून उडवलं. जुनं सगळं त्यात होतंच. नवंही त्यातच होतं.

पहिला पोहोचला वॉचमन. "साब, एक बार बंद करके चालू करो." मोटारपंपापासून इंटरकॉमपर्यंत त्याचा हा उपाय आजवर लागू पडत आला आहे. मशीन बंद करून चालू केलं. विंडोजला बऱ्याच दिवसांत अशी संधी मिळाली नव्हती. तिने निवांतपणे अपडेट भरायला घेतलं आणि पडद्यावर 'कृपया मशीन बंद करू नका' अशी सूचना झळकली. नवे भाडेकरू ट्रकने येत होते.

तोवर बी विंगमधले निवृत्त इंजिनीअर आले. ते म्हणाले, "सोप्पं आहे, सॉफ्टवेअर मिळतं." त्यांनी इंटरनेटवरून फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर उतरवलं आणि त्याच मशीनवर, त्याच सी ड्राइव्हवर बसवलं. हरवलेल्याला शोधायला आलेला माणूस हरवलेल्याच्याच ब्लॉकमध्ये सामान टाकून राहायला गेला. मग खजिनदार आले. त्यांचं मत पडलं की डिस्कवर सगळं विखुरलेलं आहे, आधी ते नीट लावून घेऊ, म्हणजे शोधायला बरं. त्यांनी डिफ्रॅग मारला. डिफ्रॅग म्हणजे अख्ख्या बिल्डिंगमधल्या लोकांना उठवून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवणं. मध्येच कुणीतरी अँटिव्हायरस लावून दिला, 'व्हायरसनेच खाल्लं असणार' म्हणून. शेवटी चार जण खुर्च्या ओढून बसले आणि उडालेली फाइल परत कशी आणावी याचा हिंदीतला एक लांबलचक व्हिडिओ त्याच मशीनवर बघू लागले. व्हिडिओतला माणूस कळकळीने सांगत होता की सर्वांत आधी मशीन वापरणं थांबवा. सगळे माना डोलावत होते. तो जे सांगत होता तेही बघता बघता ब्राउझरमार्फत डिस्कवर साठत होतं.

साडेनऊच्या सुमारास सी विंगमध्ये भाड्याने राहणारा आयआयटीतला पोरगा जेवणाचा डबा घेऊन परतला. त्याला धरून आणलं. आयआयटी म्हणजे कॉम्प्युटर अशी सोसायटीची ठाम समजूत आहे, पोरगा मेटलर्जीचा. त्याने पडदा पाहिला, खुर्च्या पाहिल्या, आणि एकच वाक्य बोलला, "काका, कुणी हात लावू नका." एवढं बोलून त्याने प्लग खेचला. क्षणभर ऑफिसात सन्नाटा. एवढ्या माणसांपैकी कुणालाही जे सुचलं नव्हतं ते त्याने भिंतीपाशी वाकून केलं होतं.

पोलिसांकडे कॉम्प्युटर पुरावा म्हणून येतो तेव्हाही त्यांचं पहिलं काम हेच असतं म्हणे. कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी मूळ डिस्कवर कुणी काम करत नाही. डिस्क आणि मशीन यांच्यामध्ये एक छोटी डबी जोडतात. तिच्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. मग डिस्कची हुबेहूब नक्कल घ्यायची, नक्कल बरोबर उतरली का ते गणिताने पडताळायचं, मूळ सीलबंद करून कपाटात टाकायचं आणि जी काही झटापट करायची ती नकलेवर. काहीही न करण्याचा सरकारी पगार मिळतो, हे ऐकून खजिनदारांच्या चेहऱ्यावर बराच वेळ वेगवेगळे भाव उमटत होते.

पोराने डिस्क काढून खोलीवर नेली, नक्कल घेतली आणि तिच्यावर फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला हा प्रोग्रॅम लॉबीतली पाटी वाचतच नाही. तो सरळ जिना चढतो आणि प्रत्येक दारावर टकटक करतो. आत कोण आहे ते तोंडावरून ओळखायचं : जेपीईजी फोटोची सुरुवात ठराविक बाइटांनी होते, शेवटही ठराविक, पीडीएफ तर पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव सांगते. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा तुकडा उचलायचा, बाहेर आणून ठेवायचा. मात्र पाटी वाचलेली नसल्यामुळे कुणाचंच नाव कळत नाही. बाहेर येणाऱ्या प्रत्येक फाइलला 'एफ' आणि पुढे आकड्यांची लांबलचक रांग, एवढीच ओळख.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी असे हजारो अनामिक कमिटीपुढे हजर झाले. सत्तर टक्के तरी सुप्रभात. गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि त्यावर सुविचार. व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर उघडायची सेक्रेटरींची सवय. मग चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे पुराव्यादाखल काढलेले फोटो. मग सोसायटीच्या सत्यनारायणाचे. त्यात एक गंमत. ज्या फोटोचा अर्धाच भाग डिस्कवर उरला होता त्याचा वरचा अर्धा दिसतो आणि खाली सपाट करडा रंग. पूजेला बसलेलं जोडपं छातीपर्यंत स्पष्ट, पुढे चौरंग नाही, कलश नाही, प्रसाद नाही. दोघं भक्तिभावाने सिमेंटच्या भिंतीला हात जोडून बसलेली. एका फोटोत तर वर अध्यक्षांचं डोकं आणि खाली कुणाच्या तरी स्कूटरचं पुढचं चाक जोडलं गेलं होतं. अध्यक्षांच्या पत्नींनी तो आपल्या फोनवर मागून घेतला.

आणि एक पत्र निघालं. गेल्या वर्षी कबुतरांना दाणे घालणाऱ्यांच्या विरोधात नोटीस बोर्डावर एक निनावी पत्र लागलं होतं. भाषा जहाल. ते कुणी लिहिलं यावर वर्षभर तर्क चालले होते. संशयाची सुई चौथ्या मजल्यावर स्थिर झाली होती. ते पत्र, त्याचे आधीचे तीन कच्चे खर्डे आणि 'भाषा जरा सौम्य करावी का?' अशी स्वतःलाच लिहिलेली टीप, हे सगळं सोसायटीच्या कॉम्प्युटरमधून, सोसायटीच्या लेटरहेडच्या शेजारून बाहेर आलं. सेक्रेटरी म्हणाले, "हे कसं आलं इथे?" सगळ्यांनी एकमताने छताकडे पाहिलं.

यात नवल नाही. सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत या एमआयटीतल्या दोघा संशोधकांनी जुन्या बाजारातून 158 वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि 2003 साली आपले निष्कर्ष छापले. त्यातल्या 129 चालत होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या 12. बाकींवर क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, पत्रं, आजारपणाचे कागद, काय वाटेल ते. एक डिस्क तर बहुधा एटीएममधून आलेली होती. आपल्याकडे भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने काय काय गेलं असेल याचा विचार मी रात्री झोपताना करत नाही.

असो. आपल्याला हवं होतं इतिवृत्त. तेही आलं! वर्डच्या दोन-तीन फायलींत ते होतं, पण उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलर, टक्के आणि चौकोन यांचा सडा. आमचं इतिवृत्त साकीनाक्याचा एक टायपिस्ट श्रीलिपीत टाइप करून देतो. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, प्रत्येकाचा अक्षरांचा हिशेब वेगळा होता, आणि फॉन्ट जवळ नसला की मराठीची ही अशी दशा होते. पोराच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. खजिनदारांनी चष्मा लावून एक पान वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पण मागच्या सभेत साधारण असंच झालं होतं." टायपिस्टाकडून फॉन्ट आणला. मग कळलं की शेवटची पानं, म्हणजे जिथे ठराव असतात तीच, विंडोजच्या अपडेटखाली गेली आहेत.

पोरगा जाता जाता म्हणाला, डिस्क जुनी होती म्हणून एवढं तरी मिळालं. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी नसते, एसएसडी असते, आणि तिथे वेगळाच कारभार. 2009 च्या विंडोज 7 पासून अशी सोय आली की फाइल डिलीट झाली रे झाली की मशीन एसएसडीला ट्रिम नावाची आज्ञा धाडतं : अमुक ब्लॉक रिकामे. एसएसडीला लिहिण्याआधी जागा पुसून घ्यावी लागते, म्हणून ती फावल्या वेळात स्वतःहून ते ब्लॉक साफ करून ठेवते. नव्या भाडेकरूची वाटच बघत नाही. तुम्ही हाताची घडी घालून कितीही शास्त्रशुद्ध बसा, नुसता वीजपुरवठा चालू असला तरी तिचं झाडणं-पुसणं चालूच. पेनड्राइव्हला आणि कॅमेऱ्याच्या कार्डाला सहसा हा रोग नाही, तिथे अजून आशा असते. फोनमध्ये तर मजकूर कुलूपबंद असतो, त्यामुळे 'अलीकडे डिलीट केलेले' या कप्प्यात महिनाभर सापडलं तर सापडलं, नंतर राम म्हणायचा. हे ऐकून सेक्रेटरींचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "म्हणजे ही एसएसडी आपणहून सफाई करते? मग आपण तीच घेऊ."

बॅकअप नव्हता का? होता की. एक डी ड्राइव्हमध्ये होता, म्हणजे त्याच डिस्कच्या दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तो पेपरलेसच्या ठरावाच्या दिवशी घेतलेला होता. त्यानंतर ठरावाचा उत्साह ओसरला. दुसरा खजिनदारांच्या पेनड्राइव्हवर होता. तो पेनड्राइव्ह गणपतीत स्पीकरवाल्याला आरत्या भरून दिला होता, आणि देण्यापूर्वी साहजिकच फॉरमॅट मारला होता. पोराने त्यालाही जिना चढून हाका मारल्या. प्रत्येक दारातून सुखकर्ता दुःखहर्ता. 31 मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात, अशी माहिती या वेळी पुढे आली. त्या दिवशी भारतातल्या कुठल्या खजिनदाराला मान वर करायला फुरसत असते, असा प्रतिप्रश्न खजिनदारांनी केला आणि तो बिनतोड होता.

पोरानेच मग पिक्सारची गोष्ट सांगितली. 1998 साली 'टॉय स्टोरी 2'चं काम चालू असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि कॉम्प्युटरवरून एकेक पात्र डोळ्यांदेखत नाहीसं व्हायला लागलं. त्यांनीही धावत जाऊन मशीनचा प्लग खेचला. बॅकअप बघितला तर तो नीट चालतच नव्हता. मग गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेला आठवलं की बाळंतपणामुळे आपण घरून काम करत होतो आणि घरच्या मशीनवर चित्रपटाची प्रत आहे. ते मशीन पांघरुणात गुंडाळून, मोटारीत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून स्टुडिओत आणलं. चित्रपट वाचला. पुढे कथा पसंत पडली नाही म्हणून त्यातला बराचसा त्यांनीच पुन्हा नव्याने केला, तो भाग वेगळा.

गोष्ट संपली आणि ऑफिसात पुन्हा सन्नाटा पसरला. कारण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच दार उभं राहिलं होतं, आणि ते चौथ्या मजल्यावर होतं.

काकांनी बिल्डिंग उभी राहिल्यापासून प्रत्येक सभेच्या इतिवृत्ताची प्रत रीतसर अर्ज करून, पैसे भरून, शिक्का मारून घेतलेली आहे. आय रजिस्टर, जे रजिस्टर, ताळेबंद, लिफ्टवाल्याची कोटेशनं, टाकी धुतल्याची बिलं. ओलीचा दावा लढायचा तर पुरावा हवा. लोखंडी कपाटात वर्षावार फायली, पाठीवर मार्करने साल, आणि कसर लागू नये म्हणून मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला. ज्या माणसाला टाळण्यासाठी कमिटी जिन्याऐवजी लिफ्ट वापरते, त्याच्याकडे सोसायटीचा एकमेव चालू बॅकअप होता.

सेक्रेटरी वर गेले. सोबतीला मी होतो, कारण दुसरं कुणी तयार झालं नाही. काकांनी दार उघडलं, सेफ्टी चेन तशीच ठेवून. सेक्रेटरींनी कधी नव्हे ते "नमस्कार, कसं काय, तब्येत बरी?" केलं. काकांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि एक कागद घेऊन आले.

"ही तुमचीच नोटीस. वाचा."

नोटीस सोसायटीची होती : प्रती हव्या असल्यास सभासदाने लेखी अर्ज दोन प्रतींत करावा, पानाला दहा रुपये आगाऊ भरावेत, अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत प्रत मिळेल. बाहेर झेरॉक्सला दोन रुपये पडतात हे त्या वेळी काकांनी लेखी कळवलं होतं. खाली सेक्रेटरींची सही.

"अहो काका, सभा रविवारी आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणून तर बसून अर्ज लिहा. पेन देतो." साखळीच्या फटीतून पेन आला. मग दोन कोरे कागद आले. सेक्रेटरींनी जिन्यातल्या कठड्यावर कागद ठेवून 'विषय' असं लिहिलं आणि थोडं थांबून विचारलं, "विषयात काय घालू?"

"इतिवृत्ताची प्रत मिळणेबाबत. आणि ओलीचा विषय यंदा पत्रिकेवर दोन नंबरला येतोय ना?"

"येतोय, येतोय."

"तसं खाली लिहा. सही करा. तारीख टाका." काकांनी पानं मोजली, अंगठ्याला थुंकी लावून पुन्हा मोजली. "तीनशे ऐंशी झाले."

सेक्रेटरींनी सुटकेचा निःश्वास टाकत फोन बाहेर काढला. "जीपे करतो लगेच. नंबर सांगा."

"रोख," काका म्हणाले. "पेपरलेसला माझा लेखी विरोध आहे."